मानसिक ताण आणि मूत्रपिंडाचे आरोग्य : मराठवाड्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मानसिक ताणामुळे मूत्रपिंड निकामी होते, असे विधान आरोग्यविषयक सदरांतून व व्याख्यानांतून सर्रास केले जाते. या विधानात तथ्य आहे. परंतु ज्या सरळपणाने ते केले जाते, तेवढे हे प्रकरण सरळ नाही. निरोगी माणसाने काळजी केली आणि त्याची मूत्रपिंडे बिघडली, असे सहसा घडत नाही. ताण मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो तो रक्तदाबाच्या, रक्तशर्करेच्या, वेदनाशामक गोळ्यांच्या, न प्यालेल्या पाण्याच्या आणि मध्येच सोडलेल्या औषधोपचाराच्या आडवाटांनी. नांदेड-लातूरसारख्या भागात या आडवाटा पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक अडविण्याजोग्या आहेत. त्या कोणत्या व त्यांना संशोधनाचा आधार किती, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

कार्यकारणभाव ठरविताना येथे किती सावध राहावे लागते, याचे एक सर्वपरिचित उदाहरण जयप्रकाश नारायण यांचे आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू होताच त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. चंदीगड येथील एकाकी स्थानबद्धतेत त्यांची प्रकृती ढासळली, १२ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांची सुटका झाली आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिसचे उपचार सुरू झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत त्यांचे जीवन या यंत्रावर अवलंबून होते. या घटनाक्रमातून 'तुरुंगातील मनस्तापाने मूत्रपिंडे गेली' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु ते तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह होता. मनस्तापाचा वाटा किती व जुन्या आजाराचा किती, हे एका व्यक्तीच्या बाबतीत वेगळे काढता येत नाही. मराठवाड्यातील रुग्णांच्या बाबतीतही हीच अडचण आहे.

भारतातील दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या राष्ट्रीय नोंदणीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ५२,२७३ रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्क्यांच्या बाबतीत मधुमेह, तर सुमारे १३ टक्क्यांच्या बाबतीत उच्च रक्तदाब हे मूळ कारण नोंदविलेले आहे. सुमारे १६ टक्क्यांच्या बाबतीत कारण निश्चित करता आले नाही. कारणांच्या या यादीत ताणाला जागा नाही. मात्र यादीतील मधुमेह व उच्च रक्तदाब ही दोन मोठी कारणे अशी आहेत की, ताण त्यांना जन्म देत नसला तरी खतपाणी निश्चित घालतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रकाशित झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, तर उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींची संख्या सुमारे ३१ कोटी ५० लाख आहे. ताणाचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा.

मूत्रपिंड आणि चेतासंस्था :

मूत्रपिंड म्हणजे केवळ गाळणी, ही समजूत अपुरी आहे. सुमारे दीडशे ग्रॅम वजनाच्या या दोन अवयवांतून हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा, म्हणजे दर मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त फिरते. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील जवळजवळ सर्व द्रव परत शोषला जाऊन दीड-दोन लिटर मूत्र बनते. शरीरात मीठ किती ठेवावे, पाणी किती ठेवावे आणि त्यायोगे रक्तदाब किती राहावा, याचा निर्णय मुख्यतः येथे होतो. या निर्णयात मेंदूचा हस्तक्षेप होतो तो अनुकंपी चेतासंस्थेमार्फत. या संस्थेचे तंतू मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत, सूक्ष्म नलिकांपर्यंत आणि रेनिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींपर्यंत गेलेले असतात.

भीती, राग, अपमान, परीक्षा, सावकाराचा तगादा यांपैकी काहीही समोर आले की, हे तंतू उद्दीपित होतात. मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रेनिन स्रवते, त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते आणि त्याच्या प्रभावाने अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मीठ धरून ठेवण्याचा आदेश देते. अल्डोस्टेरॉन, तसेच ताणाच्या वेळी स्रवणारी ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके ज्या ग्रंथीतून येतात, ती ग्रंथी मूत्रपिंडाच्या माथ्यावरच बसलेली आहे. मराठीत तिला अधिवृक्क म्हणतात. वृक्क म्हणजे मूत्रपिंड. या शेजाराचा अर्थ मात्र ताणून लावू नये. तिची संप्रेरके मूत्रपिंडाकडे थेट उतरत नाहीत. ती रक्तातून सर्व शरीरभर फिरून मगच तेथे पोहोचतात.

या साखळीचा पुरावा केवळ प्राण्यांवरील प्रयोगांपुरता मर्यादित नाही. १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नॉर्थ कॅरोलिना येथील कॅथलीन लाइट व सहकाऱ्यांचा एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. तरुण पुरुषांना तासभर चुरशीची, स्पर्धात्मक कामे करावयास लावून त्यांच्या मूत्रातील सोडियम मोजण्यात आले. ज्यांचा रक्तदाब सीमारेषेवर होता किंवा ज्यांच्या आई-वडिलांना उच्च रक्तदाब होता, त्यांच्यापैकी अनेकांच्या मूत्रपिंडांनी स्पर्धेच्या त्या तासात मीठ व पाणी धरून ठेवले. इतरांच्या बाबतीत तसे झाले नाही. ताण सर्वांना सारखाच होता, पण मूत्रपिंडाचा प्रतिसाद घराण्यागणिक वेगळा निघाला. 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांत बसलेल्या हजारो विद्यार्थ्यांचा विचार करताना हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. आज त्यांपैकी कोणाचे मूत्रपिंड बिघडत आहे असे म्हणण्यास या प्रयोगाने आधार मिळत नाही. परंतु ज्या मुलाच्या घरी रक्तदाबाचा आजार आहे, त्याचे शरीर ताणाचा हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडत असण्याची शक्यता आहे, एवढे निश्चित.

'स्ट्रेस' ही संकल्पना वैद्यकात रुजविणारे हान्स सेली यांनी १९४० च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या कठीण झाल्याचे दाखविले होते. त्या प्रयोगांचा दाखला आजही ताणाविषयीच्या लोकप्रिय पुस्तकांतून दिला जातो. तथापि त्या प्राण्यांना अधिवृक्क ग्रंथीतील संप्रेरकाच्या भल्यामोठ्या मात्रा व जोडीला मीठ दिलेले होते. माणसाच्या रोजच्या चिंतेशी त्याची तुलना करणे योग्य ठरत नाही. अधिक भरवशाचा पुरावा अलीकडचा आहे. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या चेतातंतूंची क्रिया कॅथेटरद्वारे मंद करण्याची उपचारपद्धती २००९ पासून चर्चेत आली. २०१४ च्या एका मोठ्या चाचणीत ती लुटुपुटूच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. पुढे सुधारित चाचण्यांत रक्तदाब मर्यादित, पण खात्रीलायक प्रमाणात कमी झाल्याचे दिसले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने तिला मान्यता दिली. मेंदूकडून मूत्रपिंडाकडे जाणारा हा मार्ग माणसात खरोखर कार्यरत आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

किल्लारी आणि कोबे :

मराठवाड्याच्या सामूहिक स्मृतीत ताणाची सर्वांत तीव्र घटना म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. गणेश विसर्जनानंतर झोपी गेलेली हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. अशा दुर्घटनेत मूत्रपिंडावर होणारा आघात प्रथम शारीरिक असतो. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंड अचानक बंद पडते, हे लंडनवरील बाँबहल्ल्यांतील जखमींच्या निरीक्षणावरून १९४१ मध्येच बायवॉटर्स व बील यांनी नोंदविले होते. वाचलेल्यांच्या मनावर झालेल्या आघाताचाही अभ्यास झाला. किल्लारी परिसरातील भूकंपग्रस्तांत आघातोत्तर ताणविकार व नैराश्य ठळकपणे आढळल्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये अमेरिकन मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मनावरचा हा आघात रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या भाषेत मोजला गेला तो मात्र जपानमध्ये. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर काझुओमी कारिओ व सहकाऱ्यांनी आवाजी बेटावरील अशा रुग्णांचा मागोवा घेतला, ज्यांचा रक्तदाब भूकंपापूर्वीही नियमित मोजला जात होता. भूकंपानंतर रक्तदाब वाढला आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत पूर्वपदावर आला. परंतु ज्यांच्या मूत्रातून अल्ब्युमिन हे प्रथिन अल्प प्रमाणात जात होते, म्हणजेच ज्यांच्या मूत्रपिंडास आधीच इजा झालेली होती, त्यांचा वाढलेला रक्तदाब किमान दोन महिने खाली आला नाही. ताणाचा परिणाम निरोगी मूत्रपिंड झटकून टाकते; दुखावलेले मूत्रपिंड तो धरून बसते, आणि धरून ठेवलेला हा रक्तदाब त्याच मूत्रपिंडाला अधिक दुखावतो. या विषयावर जे थोडे निर्णायक संशोधन झाले आहे, त्यात या निरीक्षणाचे स्थान वरचे मानावे लागेल.

या भागातील ताण भूकंपासारखा एका पहाटेचा नाही. नापिकी, कर्ज, पाण्याची रात्रपाळी, मुलांच्या शिकवणीची फी अशा रूपांत तो वर्षानुवर्षे चालतो. ज्याला ग्रामीण बोलीत 'जिवाला घोर लागणे' म्हणतात, तो हाच.

आडवाटा :

यांपैकी सर्वांत दुर्लक्षित वाट वेदनाशामक गोळ्यांची आहे. चिंताग्रस्त माणूस डॉक्टरकडे चिंता घेऊन जात नाही; डोके, पाठ, अंग दुखते म्हणून तो मेडिकलवर जातो आणि चिठ्ठीशिवाय गोळी घेऊन येतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याची निर्मिती रोखतात. वेदना थांबते ती त्यामुळेच. पण शरीरातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी सूक्ष्म वाहिनी उघडी ठेवण्याचे काम हेच द्रव्य करीत असते. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४२ अंशांपर्यंत गेलेला असताना, घामाने निथळलेल्या शरीरात ही गोळी गेली म्हणजे मूत्रपिंडाचा शेवटचा बचाव काढून घेतला जातो. पन्नाशीतील प्राध्यापकवर्गाने येथे अधिक लक्ष द्यावे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी आणि जोडीला लघवीचे प्रमाण वाढविणारी गोळी चालू असेल, तर त्यांत वेदनाशामकाची भर पडणे विशेष घातक असते. डायक्लोफिनॅकची ताकद किती, हे गिधाडांनी दाखवून दिले आहे. औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. माणसांसाठी ते उपयुक्त औषध आहे. प्रश्न ते कोण, कधी आणि किती दिवस घेतो याचा आहे.

ऊसतोडणीच्या हंगामात या सर्व वाटा एकत्र येतात. बीडप्रमाणेच नांदेडच्या कंधार-मुखेड भागातील वाड्या-तांड्यांवरून जोडपी कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत आजारपणालाही सुटी नसते. कर्जाचा घोर, उन्हातील काबाडकष्ट, पुरेसे पाणी नाही, आणि अंग मोडून येते म्हणून रोजची गोळी. मध्य अमेरिकेत, विशेषतः निकाराग्वा व एल साल्वादोर येथे, ऊसतोड मजुरांत मधुमेह व रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होण्याची साथ आढळलेली आहे. उष्णता, अतिश्रम आणि पाण्याचा अभाव हे तेथील संशयितांत अग्रक्रमाने गणले जातात. तेथील निष्कर्ष जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. पण कामाची परिस्थिती इतकी मिळतीजुळती असताना तोडणी मजुरांच्या रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी हंगामाच्या आधी व नंतर होऊ नये, हे समजण्यापलीकडचे आहे.

पाण्याबाबत एक खुलासा आवश्यक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात पाणवठ्यांवर जमावबंदी लागू होती. पाण्याची चिंता आणि पाण्याचा तुटवडा यांत एक शारीरिक नातेही आहे. मेंदूतून स्रवणारे मूत्ररोधी संप्रेरक, अर्थात व्हॅसोप्रेसिन, तहानेने जसे वाढते तसे ताणाच्या प्रतिसादातही भाग घेते. म्हणून भरपूर पाणी प्यावे, म्हणजे मूत्रपिंडाचा आजार थांबेल, असा सल्ला दिला जातो. कॅनडात ६३१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र अधिक पाणी पिण्याचे मार्गदर्शन दिल्याने वर्षभरात मूत्रपिंडाची घसरण मंदावली नाही. पाण्याचा अभाव घातक आहे. पाण्याचा अतिरेक औषध नाही.

रक्तदाबाची गोळी 'आता बरे वाटते' म्हणून बंद करणे, घरच्या विवंचनेत साखरेची तपासणी लांबणीवर टाकणे, तंबाखूचा आधार घेणे, या वाटा सर्वांना परिचित आहेत. मनोविकारांच्या औषधांपैकी लिथियमचा उल्लेख करणे भाग आहे. द्विध्रुवीय विकारात ते प्राणरक्षक ठरते, पण दीर्घकाळच्या वापराने मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. म्हणून ते घेणाऱ्याने नियमित रक्ततपासणी करावी. भीतीने परस्पर बंद करू नये.

उलटा प्रवास :

आतापर्यंत ताणाकडून मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या मार्गाचा विचार झाला. प्रत्यक्षात मूत्रपिंडाकडून ताणाकडे येणारा रस्ता अधिक रुंद आहे. डायलिसिस साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास करावे लागते. किनवट वा माहूरहून नांदेडला येणाऱ्या रुग्णाचे आठवड्यातील तीन दिवस यात जातात आणि सोबत येणाऱ्या नातलगाचा रोजगारही बुडतो. भर उन्हाळ्यात त्याला पाणी मोजून प्यावे लागते. जगभरातील अभ्यासांच्या २०१३ मधील एकत्रित विश्लेषणात डायलिसिसवरील रुग्णांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याला प्रत्यक्ष मुलाखतीवर आधारित निदानानुसार नैराश्य असल्याचे आढळले. निव्वळ प्रश्नावली भरून घेतल्यास हे प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत जाते. कारण थकवा, झोप न लागणे, भूक मंदावणे ही लक्षणे नैराश्याची आहेत तशीच मूत्रपिंडविकाराचीही आहेत. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी प्रश्नावल्या वापरताना हा घोटाळा ध्यानात घ्यावा.

खर्चाची बाजू काही प्रमाणात हलकी झाली आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभलेल्या या योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०१६ मध्ये पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आला. मात्र प्रवास, बुडालेली मजुरी आणि प्रत्यारोपणासाठी दाता शोधण्याची घालमेल कोणत्याही योजनेत बसत नाही. देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांची आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांमध्ये पुरुषांची संख्या ठळकपणे अधिक आहे. आई किंवा पत्नी देते, मुलगा किंवा पती घेतो. त्या देण्यात प्रेम किती व न बोललेला दबाव किती, हे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखालील समितीलाही विचारून कळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव परिसरातील काही शेतकऱ्यांनी कर्जफेडीसाठी आपले अवयव विकत घ्यावेत, असे पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिले. त्यात मूत्रपिंडाची किंमतही लिहिलेली होती. अवयवांची विक्री हा गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. तो निषेधाचा प्रकार होता. पण कर्जाचा ताण आणि मूत्रपिंड यांचा इतका उघड संबंध कोणत्याही संशोधन-निबंधात मांडला गेलेला नाही.

नैराश्यावरील उपचारांबाबतही भाबडेपणा नको. डायलिसिसपूर्व अवस्थेतील रुग्णांना सर्ट्रालिन हे औषध दिले असता ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही, असे २०१७ च्या चाचणीत दिसले. डायलिसिसवरील रुग्णांत समुपदेशन आणि हेच औषध यांची तुलना २०१९ मध्ये झाली, तेव्हा दोन्हींनी लक्षणे कमी झाली व औषध किंचित पुढे राहिले. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत राबविण्यात आलेल्या शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पातून समुपदेशनाची कल्पना गावापर्यंत गेली. तिची डायलिसिस केंद्राशी सांगड घातली गेल्यास दोन्ही दिशांचे रुग्ण एकाच ठिकाणी भेटतील.

महाविद्यालयाचा परिसर :

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय वेग रोखू नयेत, या विषयावरच आहे आणि मूत्राचा वेग त्या यादीत आहे. आपल्या महाविद्यालयांतील मुली मात्र सकाळी घर सोडल्यापासून दुपारी परत जाईपर्यंत तो रोखून धरतात आणि तो येऊच नये म्हणून पाणी पीत नाहीत. परीक्षेच्या दिवसांत हे वाढते. मूल्यांकन अहवालात प्रसाधनगृहांची संख्या नमूद असते. त्यांत पाणी किती वाजेपर्यंत असते, हे नसते. तरुण निरोगी मुलीला मूत्रमार्गाचा साधा संसर्ग झाल्याने मूत्रपिंड निकामी होत नाही, परंतु वारंवार होणारा व अर्धवट उपचार झालेला संसर्ग वर चढू शकतो, विशेषतः पुढे गर्भारपणात.

प्राध्यापकांच्या बाबतीत ताणाची मोजणी करणाऱ्या प्रश्नावल्यांपेक्षा रक्तदाबमापक अधिक उपयोगी पडेल. मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन येतो, त्या दिवशी व्याख्यान ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. व्याख्यानाऐवजी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा, तसेच घरी मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येक तरुणाचा रक्तदाब मोजून मूत्रातील अल्ब्युमिन तपासता येते. केवळ क्रिएटिनिनवर विसंबू नये. मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी क्षमता संपेपर्यंत रक्तातील हा आकडा 'नॉर्मल' या मर्यादेत राहू शकतो, तर मूत्रातील अल्ब्युमिन पुष्कळदा त्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू लागते.